आंघोळीचा रकाना

७ जानेवारी

आजच्या प्रशिक्षणात सगळ्यांना एकेक वही मिळाली. पुढून त्यांनी शिकवलेलं लिहायचं. ते मी लिहिलं, आकृत्यांसकट. मागची पानं कोरी कशाला ठेवायची, म्हणून वही उलटी करून मागून माझं लिहायला घेतलंय. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती औषधांच्या खोक्यांवरून, त्यामुळे माझं अक्षर खोक्यावरच्यासारखं सुटं सुटं येतं. चालायचंच. कुणाला दाखवायचं आहे?

या दवाखान्याच्या बाळंतखोलीत मला एकतीस वर्षं झाली. खोली धुणं, पाणी तापवणं, कळा देणाऱ्या बाईला धीर देणं, आणि बाळ झालं की त्याला न्हाऊ घालून, गुंडाळून बाहेर आजीच्या हातात देणं, ही माझी कामं. शेवटच्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. माझ्या हातून बाहेर गेलेलं बाळ कसं लख्ख दिसतं, हे सगळे बोलून दाखवतात.

आणि आज शिकवलं काय? पहिला दिवसभर आंघोळ घालायचीच नाही. कोरड्या कापडाने टिपायचं आणि तसंच उघडं आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं. वरून पांघरूण, डोक्याला टोपी. नाळ लगेच कापायची नाही, तिची धडधड थांबू द्यायची. तासाच्या आत अंगावरचं दूध. नाळेला काही फासायचं नाही, बोटाने काही चाटवायचं नाही.

शिकवणाऱ्या बाईंनी हे सगळं रबरी बाहुलीवर करून दाखवलं. मी म्हटलं, बाई, तुमची बाहुली आधीच धुतलेली आहे, तुम्हाला काय जातंय. सगळ्या हसल्या, बाईही हसल्या. मग त्यांनी मला विचारलं, मावशी, थंडीत गरम पाण्याने न्हाऊन बाहेर आलात की काय होतं? मी म्हटलं, हुडहुडी भरते. त्या म्हणाल्या, तुम्हाला हुडहुडी भरते म्हणून अंग परत तापतं. एवढ्याशा जिवाला तेही येत नाही. ते नुसतं गार पडत जातं, आणि रडतही नाही.

मी चहाचे कप गोळा करायला उठले.

९ जानेवारी

सिस्टरने आज माझं न्हाणीचं घमेलं उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. ही पोर चार महिन्यांपूर्वी आली, मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या त्यांच्या जागी. उंचीने माझ्या खांद्याला लागते, पण बोलते हळू आणि करते तेच जे ठरवते. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतात, बाकी दिवस सगळा कारभार तिच्या एकटीवर. म्हणून मी फार बोलत नाही.

नवं रजिस्टरही आलं. जुन्या रजिस्टरात शेवटचा रकाना आंघोळीचा असे, आणि तेवढ्या एका रकान्यात मोठ्या सिस्टर मला खूण करू द्यायच्या. आख्ख्या रजिस्टरात तेवढंच माझं. नव्यात तो रकानाच नाही. त्या जागी आलंय ‘अंगाचं तापमान’ आणि ‘पहिलं दूध किती वाजता’.

सिस्टर म्हणाली, मावशी, हे दोन रकाने तुम्ही भरायचे. मी हो म्हटलं. पण आपली खुर्ची काढून घेऊन कुणी स्टूल द्यावं, तसं वाटलं.

१२ जानेवारी

सूनबाईला आठवा लागून पंधरा दिवस झाले. पाय सुजतात, झोप नाही. तिच्याकडे पाहिलं की माझा जीव टांगणीला लागतो.

दोन वर्षांपूर्वीचं लिहूनच टाकते, म्हणजे मनातून जाईल. तेव्हाही तिचे दिवस भरायच्या आधीच बाळ झालं. मुलगा. इथेच, माझ्या हातावर. लहान होता पण रडला चांगला. अंगावर पांढरं मेणासारखं फार होतं, असतं तसं कमी दिवसांच्या बाळांना. माझा स्वतःचा नातू, त्याला मी तसाच कसा देणार? एकदा न्हाऊ घातला, निघालं नाही. पाणी बदलून पुन्हा घातला, साबण लावून. सूनबाई खाटेवरून पुरे, पुरे म्हणत होती, पण पहिलटकरणीला काय कळतं. असा चकचकीत केला की वॉर्डातल्या बायका बघायला आल्या. संध्याकाळपासून दूध ओढेना. हातपाय गार. तिसऱ्या दिवशी गेला. नशिबातच नव्हता. सेवेत मी तसूभर कमी पडले नाही, एवढंच समाधान.

आज चिरंजीव जेवताना म्हणाला, ती बाळंतपणाला आईकडे जाऊ का विचारतेय. मी घास तसाच ठेवला. एकतीस वर्षं मी लोकांच्या लेकीसुनांची बाळंतपणं करायची आणि माझी सून दुसरीकडे जाणार? तिथे तर दवाखाना चार तासांवर. सूनबाई ताटाकडे बघत होती. चिरंजीव म्हणाला, बरं, राहू दे. विषय संपला.

१५ जानेवारी

सूनबाई तपासणीला आली होती. आत सिस्टरशी दार लोटून बराच वेळ बोलत होती. ती गेल्यावर मी सिस्टरला खोदून विचारलं. तिने आधी टाळलं. मग म्हणाली, तिचं म्हणणं आहे की बाळंतपणाच्या वेळी तुम्ही खोलीत नसावं.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. का, म्हणून विचारलं. सिस्टर कापडाच्या घड्या घालत राहिली आणि म्हणाली, लाजत असेल, मावशी. सासूपुढे अवघडतं.

घरी येताना विचार केला तेव्हा पटलं. लाजाळूच आहे ती. मागच्या वेळेपासून माझ्याशी बोलणंही मोजकंच करते. आंघोळीचं पाणीसुद्धा माझ्या हातून घेत नाही, स्वतः काढते. कुणाला त्रास द्यायला नको असतो तिला.

१९ जानेवारी

हे लिहू की नको, असं दोनदा वाटलं. वही माझीच आहे, तिच्यापासून काय लपवायचं.

सकाळी एकीला मुलगी झाली. सिस्टरने शिकवल्याप्रमाणे टिपून आईच्या छातीवर दिली. बाहेर आजी बसलेली, तिचा पारा चढलेला. इतक्या वेळात बाळ का दाखवत नाही? सिस्टर लसीकरणाला दुसऱ्या खोलीत गेली तेव्हा म्हातारी आत आली, नातीला बघितलं आणि नाक मुरडलं. मला म्हणाली, काय मावशी, हात थकले का आता? हे असलं बरबटलेलं पोर घेऊन घरी जायचं?

हात थकले म्हणाली. मला, माझ्याच खोलीत.

मी मागच्या पडवीतून घमेलं आणलं. पाणी कडक तापवलेलं होतं, कोपर बुडवून पाहिलं. खिडकीही लावली. आई झोपेत होती. दहा मिनिटांचंच काम. बाळ लख्ख झालं, म्हातारी खूष, मला दुवा दिला. मी बाळाला दुपट्यात घट्ट बांधून पाळण्यात ठेवलं. घमेलं परत जागेवर.

तासाभराने सिस्टर आली. तिने बाळाला उचललं, आणि मी पाहत होते, तिने त्याच्या डोक्याला नाक लावलं. साबणाचा वास आला असणार. म्हातारी तिथेच होती. सिस्टरने थर्मामीटर बाळाच्या काखेत लावला आणि थोड्या वेळाने माझ्या हातात दिला.

“वाचा, मावशी.”

चौतीस पूर्णांक सहा. साडेछत्तीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, हे माझ्याच वहीच्या पुढच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे.

तिने दुपटं सोडलं, बाळाला पुन्हा आईच्या छातीवर घातलं, टोपी, वरून दोन पांघरुणं, आणि मला स्टूल दिलं. दर पंधरा मिनिटांनी बघायचं आणि लिहायचं. रकाना एकच, म्हणून मी समासात लिहीत गेले. चौतीस सात. चौतीस सात. चौतीस नऊ. बाळाचा पाय हातात धरला तर ओल्या फरशीसारखा. बाळ शहाण्यासारखं गप्प पडलेलं. एकतीस वर्षं न्हाऊ घातल्यावर बाळं अशीच गप्प पडायची आणि मी बाहेर सांगायचे, बघा, कसं सुखाने झोपलंय.

पस्तीस दोन. पस्तीस आठ. दुपार उलटून गेल्यावर छत्तीस सहा. मग मुलीने तोंड हलवलं, शोधलं, आणि दूध ओढलं.

सिस्टरने घमेलं स्वतः उचललं नाही. निघताना म्हणाली, ते कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

२० जानेवारी

ती मुलगी ठीक आहे. छत्तीस आठ. सकाळपासून तीनदा प्यायली. तिच्या आजीने मला पुन्हा दुवा दिला. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

घमेल्यात आता फडकी भिजवते.

२४ जानेवारी

आज कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. दोन वर्षांपूर्वीचं. सूनबाईचं पान लगेच सापडलं. वजन एक किलो नऊशे. रडला: हो. आणि शेवटच्या रकान्यात माझी खूण. एकच करायची असते, मी दोन केल्या होत्या. दोनदा न्हाऊ घातला म्हणून. अभिमानाने.

पानं उलटत गेले. सगळीकडे माझ्या खुणा. काही ओळींत पुढे मोठ्या सिस्टरांनी लाल शाईने बारीक लिहिलेलं होतं. ‘दुसऱ्या दिवशी.’ ‘तिसऱ्या दिवशी.’ मी मोजायला लागले आणि मग रजिस्टर मिटून ठेवलं.

सिस्टरला मी विचारलं, तेही सरळ नाही. म्हटलं, परवाची ती मुलगी पाळण्यातच राहिली असती तर? ती म्हणाली, सांगता येत नाही. मी म्हटलं, कमी दिवसांची असती तर? तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, मावशी, एका कारणाने कुणी जात नाही. तेव्हा कुणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

म्हणजे तिला ठाऊक आहे. कुणी सांगितलं असेल, हेही मला कळलं. सूनबाई माझ्यासमोर लाजत नाही.

२५ जानेवारी

सूनबाईने दुपारी ताट वाढलं. मी भात नुसता चिवडत होते. म्हणाली, आई, मीठ कमी झालंय का? मी म्हटलं, नाही गं, सगळं बरोबर आहे. आणि एवढं बोलून उठले. केवढी थोर मी.

२८ जानेवारी

सिस्टरला सांगून टाकलं की सूनबाईच्या वेळी मी बाहेर बसेन. ती म्हणेल तसं. सिस्टर फक्त बरं म्हणाली. मग तिने मला टेबलापाशी नेऊन श्वासाचा फुगा पुन्हा जोडायला लावला. बाळ रडलंच नाही तर नाकातोंडावर मास्क धरून फुगा दाबायचा असतो, तोच. प्रशिक्षणात माझा मास्क नीट बसत नव्हता, हवा बाजूने जायची. आज बाहुलीची छाती वर आली. सिस्टर म्हणाली, आणखी दहादा. मी वीसदा केलं.

२ फेब्रुवारी

सकाळचे साडेदहा. सूनबाईचं पाणी गेलं. नववा लागून जेमतेम आठवडा झालाय. चिरंजीव मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी आणायला गेलाय, पण सिस्टर म्हणते इतका वेळ मिळणार नाही. आज डॉक्टरांचा दिवस नाही. वीजही सकाळपासून नाही, त्यामुळे बाळाच्या टेबलावरचा उबेचा दिवा बंद.

मी बाहेरच्या बाकावर आहे. कापडं उन्हात तापवून आत दिली. टोप्या दिल्या. आता हाताला काही काम नाही म्हणून वही उघडली. आतून तिचा आवाज येतो आणि माझ्या हातातलं पेन थांबतं. एकतीस वर्षांत या दाराच्या बाहेरच्या बाजूला मी कधी बसले नव्हते. इथून फार वाईट ऐकू येतं.

अकरा वाजून पाच. अजून नाही.

अकरा वीस. सिस्टर हाक मारतेय

५ फेब्रुवारी

आज बसता येतंय. जसं झालं तसं लिहिते.

सिस्टरने दार उघडून एवढंच म्हटलं, हात धुवा आणि या, मला दोन हात पुरत नाहीत. मी कोपरापर्यंत हात धुतले. आत पाऊल टाकलं तर सूनबाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कळ ओसरली होती, दुसरी यायची होती, मधला तो क्षण. तिने माझं मनगट पकडलं.

“आई, याला आंघोळ घालू नका.”

घरात दोन वर्षं जे बोलली नाही ते तिथे बोलली. मी म्हटलं, नाही घालणार.

पुढच्याच कळेला बाळ आलं. मुलगी. लहान, निळसर, आणि लुळी. रडली नाही. सिस्टरने पुसलं, पाठ चोळली, तरी नाही. तिने नाळ बांधून कापली, टेबलावर घेतलं आणि फुगा लावला. मी तिच्याबरोबर मोजत होते. फुगा, दोन, तीन. फुगा, दोन, तीन. छाती वर येत होती, पण आपण आणतोय म्हणून येत होती. खाटेवरून सूनबाई विचारत होती, का रडत नाही, आई, का रडत नाही. तेवढ्यात सिस्टरने मागे पाहिलं. खाटेखालची बादली भरत चालली होती. रक्त थांबत नव्हतं.

तिने फुगा माझ्या हातात दिला. विचारलं नाही, दिला, आणि ती सूनबाईकडे वळली.

हनुवटी किंचित वर. मास्क नीट. फुगा, दोन, तीन. माझ्या मागे सिस्टर इंजेक्शन भरत होती, पोट चोळत होती, सूनबाईशी बोलत राहत होती, डोळे मिटू नको, माझ्याकडे बघ. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात थांबला असता. एका बाजूला सून, एका हाताखाली नात, आणि मी नुसती मोजतेय. किती वेळ गेला ते सिस्टर सांगते, तीन मिनिटं. मला त्यात आख्खा जन्म गेल्यासारखा वाटला.

मग मास्कच्या आत एक उचकी लागली. एक बारीक कुरबुर. मग रडली. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, पण रडली.

बाळाला आईच्या छातीवर ठेवायची सोय नव्हती, आईलाच वाचवायचं चाललं होतं. दिवा बंद. सिस्टर पाठमोरीच म्हणाली, मावशी, तुमच्यावर घ्या. मी गुंड्या सोडल्या, भिंतीला टेकून बसले आणि त्या चिमुरडीला तशीच, पांढऱ्या मेणासकट, छातीला लावली. वर टोपी, पांघरूण, माझी शाल. बासष्टाव्या वर्षी मी असा अवतार करून बसेन असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तिच्या अंगावरचं ते मेण माझ्या अंगाला लागलं. ते गुळगुळीत आणि उबदार होतं. एकतीस वर्षं मी ते घासून काढलं.

रक्त थांबायला अर्धा तास लागला. चिरंजीव गाडी घेऊन आला तेव्हा सलाइन चालू होतं. सिस्टरने दोघींना मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीतही बाळ माझ्यावरच होतं, आम्ही एकदाही हललो नाही, ना ती ना मी. पोचल्यावर तिथल्या सिस्टरने तापमान पाहिलं. छत्तीस सात. वजन एक किलो नऊशे पन्नास.

संध्याकाळी सूनबाई शुद्धीवर आली तेव्हा मी बाळाला तिच्या छातीवर ठेवलं. माझी छाती एकदम गार पडली.

८ फेब्रुवारी

अजून मोठ्या दवाखान्यातच आहोत. सूनबाईचा चेहरा कागदासारखा, पण दूध आलंय. बाळ दिवसभर तिच्या अंगावर बांधलेलं असतं, ती दमली की चिरंजीवाच्या, मग माझ्या. चिरंजीव आधी लाजला. आता खाली ठेवायला तयार नसतो.

दुपारी आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, मागच्या वेळचं मला बोलायचंय. ती बाळाच्या टोपीकडे बघत होती. मी सगळं सांगितलं. त्या मुलीचं, थर्मामीटरचं, रजिस्टरातल्या दोन खुणांचं. क्षमा मागायची होती, पण त्या शब्दाने काय भरून निघणार, म्हणून नुसतंच सांगितलं.

तिने टोपी कानांवर ओढली. मग म्हणाली, त्याचे पाय निळे पडत होते. मला खाटेवरून दिसत होतं. मी पुरे म्हणत होते, तुम्हाला ऐकू गेलं नसेल.

असं म्हणून तिने मला सुटायला वाट करून दिली होती. मी ती घेतली नाही.

“ऐकू आलं होतं,” मी म्हटलं.

ती रडली. मला जवळ घेतलं नाही, मीही गेले नाही. पण संध्याकाळी पाणी प्यायला मागितलं ते माझ्याकडे.

२६ फेब्रुवारी

घरी येऊन आठ दिवस झाले. वजन दोन किलो तीनशे. नाळ पडून जागा सुकलीय. सिस्टर सकाळी घरी येऊन बघून गेली आणि म्हणाली, आता आंघोळ घालायला हरकत नाही. पटकन, उबेच्या जागी, आणि लगेच कोरडं.

सिस्टर गेल्यावर मी कणीक मळत बसले. सूनबाईने स्वतः पाणी तापवलं, स्वतः कोपर बुडवून पाहिलं, खिडकी लावली, टॉवेल मांडीवर पसरला. मग दारात येऊन उभी राहिली.

“आई, घालताय ना?”

मी म्हटलं, तूच घाल, मी पाणी देते. ती म्हणाली, माझ्या हातून घसरेल. हे खरं नव्हतं. बाळाला धरण्यात ती आता माझ्याइतकीच तयार आहे.

मी पाय पसरून बसले. तिने मुलीला माझ्या पायांवर ठेवलं आणि ती समोर बसून राहिली, टॉवेल हातात, डोळे बाळाच्या तळव्यांवर. पहिला तांब्या पाठीवर, दुसरा पायांवर. मुलीने डोळे मोठे केले, रडली नाही. मानेच्या वळीत आणि कानामागे अजून थोडा मळ राहिला होता, मला दिसत होता. मी तिसरा तांब्या भरला.

“पुरे, आई.”

मी तांब्या खाली ठेवला.